कशाला उद्याची बात? जुने मराठी सिनेमे ब्लू-रेवर : आधी कोणता येईल?

पडदापुराण

मंडळी, गेल्या आठवड्यात एका मित्राकडे गेलो होतो. त्याने डिस्कचं कपाट उघडून दाखवलं. आपण लोकांना पुस्तकांचं दाखवतो तसं. त्यात सत्यजित राय होते, ऋत्विक घटकांचा 'तिताश' होता, उदय शंकरांचा १९४८ चा 'कल्पना' होता. हिमांशू राय यांचा 'शिराझ' होता, म्हणजे १९२८ चा मूकपट. सगळे नीट स्कॅन केलेले, सोबत पुस्तिका, जाणकारांच्या मुलाखती. मी मराठी खण कुठाय म्हणून विचारलं तर तो हसला.

रिक्षात बसल्यापासून डोक्यात एकच खेळ चालू आहे. समजा, पुढच्या दहा वर्षांत कुणीतरी, देशी नाहीतर परदेशी, एक जुना मराठी चित्रपट मनापासून काढायचा ठरवला. आधी कोणता येईल? 'कोणता यावा' असं विचारत नाहीये. 'येईल' म्हणतोय. भावना बाजूला ठेवून पैज लावा.

माझी पैज : 'संत तुकाराम' (१९३६). १९३७ ला व्हेनिसमध्ये गौरव झालेला आहे, जगभरच्या सिनेमाच्या इतिहासांत त्याचं नाव असतं. परदेशी कंपनीला खोक्यावर छापायला एवढं पुरे.

नऊचा शो

पैज 'बनवाबनवी'वर. बाकी सगळं झूट.

मुळामुठा

नऊचा शो, 'बनवाबनवी' विकला जाईल हे मान्य. पण तो काढणार कोण? ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला तो टीव्हीवर फुकटात चालतोय तेवढं बास आहे. लोक दर रविवारी जाहिरातींसकट बघतातच की.

माझं मत जब्बार पटेलांच्या तीन सिनेमांना : 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा'. एकाच खोक्यात. 'सामना' १९७५ ला बर्लिनच्या स्पर्धेत होता, 'उंबरठा'त स्मिता पाटील आहे. शिवाय 'उंबरठा' हिंदीत 'सुबह' म्हणून वेगळा केलेला आहे, तो जोडीला देता येईल. तेंडुलकरांची पटकथा तिन्हींना. एखाद्या लेखकाच्या नावाने खोकं निघालं तर बिघडलं कुठे?

लंडनचा पाऊस

इथे राहून या डिस्का जमवतो म्हणून चार शब्द. पडदापुराण यांच्या मित्राकडे बहुतेक सगळीकडच्या डिस्का चालणारा प्लेअर असणार. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीच्या ब्लू-रे साधारणपणे 'ए' विभागाच्या असतात, इथल्या बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या) 'बी', आणि भारत येतो 'सी'त. म्हणजे उद्या कुणी 'तुकाराम' काढलाच, तरी देहूतल्या माणसाला तो आपल्या प्लेअरवर लागणार नाही. प्लेअर असला तर.

'कल्पना' आणि 'तिताश' दोन्ही दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या, जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टमधून आले. ते एका देशाचा एकच सिनेमा उचलतात आणि पाच-सहा देशांचे मिळून खोकं काढतात. मराठीला दार उघडलं तर तिथूनच उघडेल असं मला वाटतं. पैज मात्र 'कुंकू'वर.

बटाटेवडा

'कुंकू' का? 'तुकाराम' का नाही? कारण द्या, नुसते आकडे लावू नका. मटका आहे का हा?

लंडनचा पाऊस

देतो. एक, विषय. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी संसार नाकारते, १९३७ साली. हे इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. दोन, जोडी. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' एकाच वेळी दोन भाषांत केलेले सिनेमे आहेत. दोन्ही एका डिस्कवर ठेवले की शेजारी शेजारी बघता येतील. चित्रपट शिकवणाऱ्यांना असलं काही मिळालं की ते खूश. तीन, शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. इथल्या लोकांना ते एकदा दाखवलं होतं. खुर्चीतून उठून विचारायला आले, ही बाई कोण.

गोंयकार

अंदाज वगैरे ठीक आहे, पण जे झालंय तेही सांगा की. पणजीला २०२३ च्या इफ्फीत (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) 'श्यामची आई'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली. आम्ही पुढच्या रांगेत. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला 'श्यामची आई' म्हणजे सगळा करडा धूर होता. इथे आईच्या लुगड्याचं सूत दिसत होतं! बाजूला बसलेला दिल्लीचा मुलगा, मराठीचा गंध नाही, शेवटी डोळे पुसत होता. पुढच्याच वर्षी फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) दाखवला, समोर वादक बसून वाजवत होते.

म्हणजे काम चाललेलं आहे. प्रत तयार आहे. मग एकदाच दाखवून ती कुठे जाते? मला डिस्क द्या, मी आजच पैसे भरतो.

मुळामुठा

+१. हेच. सरकारने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, म्हणजे आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालेल्या एनएफएआयला, राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून पैसा दिला आहे. महोत्सवात एक खेळ, वर्तमानपत्रात एक फोटो, आणि मग कपाट. एनएफडीसीने 'सिनेमाज ऑफ इंडिया' नावाने डीव्हीडी काढल्याच होत्या एके काळी. तेच पुन्हा करायला काय जातं?

वकीलसाहेब

हक्कांबद्दल गैरसमज दिसतो म्हणून लिहितो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क, तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ चा 'पाठलाग' १ जानेवारी २०२५ पासून मोकळा. 'तुकाराम', 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात कंपनीचा सगळा माल तर केव्हाच मोकळा झाला.

पण मोकळा म्हणजे चित्रपट म्हणून मोकळा. गोष्ट ज्याची, त्याचा हक्क वेगळा चालतो, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'कुंकू' नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून घेतला आहे. आपटे वारले १९७१ ला. तेव्हा लंडनकरांनी पैज लावताना एवढं लक्षात ठेवावं. परदेशी कंपन्यांचे वकील असल्या तळटिपांना फार घाबरतात.

बटाटेवडा

घ्या. सिनेमा मोकळा आणि गोष्ट कोंडलेली.

रीळवाले काका

मी या धाग्यावर उशिरा आलो. एका लॅबमध्ये तीस वर्षं काढली, नाव सांगत नाही, आता ती लॅबही नाही. तुम्ही सगळे हक्क, गिऱ्हाईक, खोकी यावर बोलताय. माझा प्रश्न साधा आहे : स्कॅन कशाचं करणार?

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह. ती नसेल तर तिच्यावरून केलेली मास्टर पॉझिटिव्ह. तीही नसेल तर प्रतीवरून काढलेली डुप्लिकेट निगेटिव्ह. आणि काहीच नसेल तर थिएटरात फिरून आलेली प्रिंट, जिच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत असतो. प्रत्येक पायरीला चेहऱ्यावरचा बारकावा उतरतो. चौथ्या पायरीचं ४के स्कॅन केलंत तर मोठ्या आकाराचा धूर मिळेल, एवढंच.

प्रभातचा काळ नायट्रेटचा. १९५० च्या आसपासपर्यंत पस्तीस मिलिमीटरची फिल्म नायट्रेटवरच असायची. ती पेटते, आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळताना स्वतःच प्राणवायू सोडते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या साठ्याला आग लागली तेव्हा काय काय गेलं त्याची आठवण नको. त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या नकला आधी सेफ्टी फिल्मवर उतरवल्या होत्या. म्हणून तर आज बघायला तरी मिळतात. पण नक्कल ती नक्कल.

सेफ्टी फिल्मसुद्धा अमरपट्टा घेऊन आलेली नाही. ॲसिटेटला दमट हवा लागली की व्हिनेगरचा वास सुटतो, मग फिल्म आकसते, वळते, कडेची भोकं स्कॅनरच्या चाकाच्या दातांत बसत नाहीत. डबा उघडल्यावर आंबट वास आला की आमचे साहेब म्हणायचे, "लोणचं झालं." आणि एका डब्याचं लोणचं शेजारच्या डब्यालाही लागतं.

तेव्हा तुमची पैज अशी लावा : कोणत्या सिनेमाची वरच्या पायरीवरची फिल्म शिल्लक आहे? तोच येईल. बाकीचं सगळं नंतर.

पडदापुराण

काका, बसून वाचलं. धन्यवाद म्हणणं कमीच आहे. पण मग सत्यजित रायांच्या अपूत्रयीचं काय? १९९३ ला लंडनच्या लॅबला आग लागून त्या निगेटिव्ह जळल्या होत्या ना? तरी २०१५ ला ब्लू-रे आली.

रीळवाले काका

आली. कारण जळलेले तुकडे कुणी फेकले नाहीत. वीस वर्षं डब्यात राहिले. मग बोलोन्यातल्या लोकांनी ते औषधात घालून मऊ केले, एकेक चौकट हाताने सांधली, जे गेलंच होतं तिथे दुसरीकडची नक्कल जोडली. त्याला माणसं लागतात आणि वर्षं लागतात. आपल्याकडे जळालेला डबा भंगारात गेला असता. रागावून म्हणत नाहीये, मी स्वतः डबे भंगारात जाताना पाहिलेत. फिल्म धुऊन तिच्यातली चांदी काढायचे. कॅटलॉगमध्ये 'नाश पावला' असं लिहिलेलं वाचतो ना आपण, त्यातल्या कितीतरी सिनेमांची पैंजणं झाली असतील.

कोल्हापुरी रस्सा

काका एक लंबर बोललासा. आमच्या गावचं तर सगळंच गेलं. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' कुणी बघितलाय आता? शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतोय, हे त्या काळात खऱ्या झोपडीसारखी झोपडी उभारून दाखवलं म्हणत्यात. त्या मूकपटाचं रीळ न्हाई. पैज लावायची तर त्यावर लावीन, हरणार म्हाईत असून.

नऊचा शो

काका बरोबर आहेत पण मी 'बनवाबनवी'वरून हलणार नाही. १९८८ ची फिल्म आहे, वरची पायरी असणारच!

मुळामुठा

इथे कुणीतरी रंगीत केलेल्या 'कुंकू'चा दुवा दिला होता तो संपादकांनी उडवला वाटतं. बरं झालं.

चित्रगुप्त

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बटाटेवडा

रंगीत करण्यात वाईट काय? 'मुगल-ए-आझम' केला तेव्हा रांगा लागल्या होत्या. नव्या पोरांना कृष्णधवल बघवत नाही. माझ्या मुलाने 'जगाच्या पाठीवर' दहा मिनिटांत बंद केला.

मुळामुठा

मुलाने दहा मिनिटांत बंद केला तो रंगामुळे नाही. जी प्रत तुम्ही लावली ती कुठली होती? वरून खालून कापून लांबट केलेली असेल, कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. राजा परांजप्यांनी चौकोनी चौकट बांधली होती. तिचं डोकं छाटलं की विनोद पण छाटला जातो. चांगली प्रत दाखवा, मग बोलू.

माझ्याकडे एक जुनी व्हीसीडी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. त्यात संतपटातला अभंग अर्ध्यात तोडून थेट पुढचा प्रसंग येतो, कारण डिस्क तिथे संपते. दुसरी डिस्क घाला, तर ती पहिल्याचीच नक्कल! दुकानदार म्हणाला, देवाचं आहे, परत घेत नाही.

टोरांटोची माई

हसून पुरेवाट झाली :) देवाचं आहे, परत घेत नाही!

माझा मुद्दा आवाजाचा. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही, हे कुणी कसं बोललं नाही? शांतारामबापूंनी मुद्दाम ठेवलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, रस्त्यावरचं. भिंतीवरचं घड्याळ हे तर त्या सिनेमातलं पात्रच आहे. आता विचार करा, आवाज 'स्वच्छ' करणाऱ्या एखाद्याने खरखर काढायचं बटण दाबलं तर खरखरीबरोबर काय काय जाईल? त्या घराचा श्वासच जाईल. चित्राचंही तेच, फिल्मचे दाणे पुसले की माणसं मेणाची होतात. मला ओरखडे चालतील, मेण नको.

तेव्हा नुसतं 'कधी येईल' म्हणू नका, कुणाच्या हातून येईल तेही म्हणा.

लंडनचा पाऊस

माई, याला कडक अनुमोदन. आणि सबटायटल्स कोण करणार? 'तुकाराम'मधली जिजाई विठोबाला जे ऐकवते ते इंग्रजीत आणायचं म्हणजे कसरत आहे. जिजाई झालेल्या गौरीबाईंचा तो ठसका, स्टुडिओत झाडलोट करण्यापासून सुरुवात केलेली बाई, आणि पडद्यावर तुकाराम झालेल्या पाग्नीसांच्या बरोबरीने उभी! जुन्या डीव्हीडीवरची इंग्रजी ओळ वाचताना वाटतं, ही कुणी वैतागलेली मास्तरीण आहे.

अभंगवेडा

जिजाई जाऊ द्या, 'आधी बीज एकले' घ्या. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं पद, पण जाणकार लोक ते गाथेत शोधत बसले. डिस्कबरोबर पुस्तिका असली तर त्यात हे यायला हवं. नाहीतर परदेशी समीक्षक 'सतराव्या शतकातली अजरामर रचना' म्हणून मोकळे होतील.

पडदापुराण

धागा मस्त रंगलाय. आतापर्यंतचा हिशोब सांगतो : 'तुकाराम' ४, 'कुंकू' ३, जब्बार खोकं २, 'श्यामची आई' २, 'बनवाबनवी' १ (हट्टाने), 'सावकारी पाश' १ (दुःखाने). व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) आलेली मतं धरली आहेत. कुणी 'पिंजरा' किंवा 'सांगत्ये ऐका' म्हणालं नाही याचं आश्चर्य. 'सांगत्ये ऐका' म्हणजे पुण्यात १३१ आठवडे चाललेला सिनेमा, आणि एक मत नाही?

मुळामुठा

तमाशापट परदेशी कंपनी उचलणार नाही आणि देशी कंपनी नीट करणार नाही. म्हणून मत नाही. खरं तर 'घाशीराम कोतवाल' विसरलात तुम्ही सगळे! १९७६ चा, तरुणांच्या गटाने मिळून केलेला, दिग्दर्शनाला मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. त्याची प्रत बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट संस्थेने सांभाळली आणि डिजिटल केली. पुण्याची गोष्ट, ठेवली बर्लिनने. आधी आलेल्यांत तोच मोजा.

वकीलसाहेब

मग बोट बाहेरच दाखवायचं का? मुंबईत जुने सिनेमे दुरुस्त करणारं फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. त्यांनी अरविंदनचा 'थंप' केला, मणिपुरी 'इशानौ' केला, 'मंथन' केला. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा २०२४ ला कान महोत्सवात दाखवला आणि मग आपल्याकडच्या थिएटरांत लागला. 'शोले'सुद्धा केला. मराठीसाठी त्यांच्याकडे कुणी गेलं का, एवढाच प्रश्न. दोन रुपये द्यायला आपण तयार आहोत का, हा त्याचा जोडप्रश्न.

नऊचा शो

दोन रुपये काय, दोनशे देतो. 'बनवाबनवी' असेल तर.

बटाटेवडा

दोनशेत डिस्क नाही, डिस्कचं खोकं येईल. बाहेर एक ब्लू-रे चाळीस डॉलरला असते. आपल्याला सवय २००७ सालची, २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी. किराणा दुकानात साबणाशेजारी टांगलेल्या असायच्या. तेव्हा घेतलेल्यांपैकी किती जणांकडे आज चालतात? माझ्या सगळ्या कबुतरं पळवायला बाल्कनीत लटकतायत.

गोंयकार

कबुतरं पळतात का?

बटाटेवडा

नाही. ती आता डिस्कमध्ये तोंड बघतात.

कोल्हापुरी रस्सा

काका, एक इचारायचं हुतं. आमच्या आज्जाची टुरिंग टाकी हुती. जत्रंला तंबू मारायचा. धाग्यावर आल्यापास्नं आठवाय लागलंय, जुन्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक गोल डबा हाय. जड हाय. उघडू का?

रीळवाले काका

थांबा. आज उघडू नका, आणि उन्हात तर अजिबात नको. मालकांनी जवळपास विडी, उदबत्ती, शेगडी काही ठेवू नये. सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. झाकण हळूच सोडवा आणि आधी वास घ्या. आंबट असेल तर ॲसिटेट. मळलेल्या मोज्यांसारखा असेल आणि आत तपकिरी पूड किंवा चिकट थर दिसला तर लगेच बंद करा, घराबाहेर ठेवा आणि मला व्यनि करा, संग्रहालयात कुणाशी बोलायचं ते सांगतो. दोन्ही नसेल तर फिल्म उलगडू नका, फक्त कडेला बघा. 'सेफ्टी' असं बारीक अक्षरात असतं.

टोरांटोची माई

इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि मी डब्याची वाट बघत जागी आहे.

पडदापुराण

माई, मी पण. धाग्याचं आता काही खरं नाही.

अभंगवेडा

रस्सा, उघडला का?

कोल्हापुरी रस्सा

उघडला. खिळे हैत. सगळा डबा खिळ्यांनी भरलाय, निम्मे वाकडे. आज्जा वाकडे खिळे सरळ करून ठेवायचा. फिल्मचा तुकडा न्हाई.

झाकणावर कागद चिकटवलेला हाय. नाव उंदरानं खाल्लंय. खाली शाईनं लिवलंय : रीळ ७, एकूण ११.

बटाटेवडा

अरेरे.

मुळामुठा

बाकीचे दहा डबे कुणाच्या माळ्यावर असतील हो?

रीळवाले काका

रस्सा, झाकण टाकू नका. खिळे दुसऱ्या डब्यात काढा आणि झाकण, डबा दोन्ही वेगळे ठेवा. एकूण ११ म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला बघा, आमच्याकडे लॅबची पोरं तिथे खिळ्याने सिनेमाचं लघुनाम आणि तारीख कोरायची. गंज असेल तर घासू नका, फक्त बॅटरी तिरकी धरा, अक्षर दिसतं.

कोल्हापुरी रस्सा

आत गंज लई हाय. कायतरी कोरल्यासारखं वाटतंय खरं. दोन अक्षरं असतील. लाईट गेलीया आत्ता. उद्या उजेडात बघून सांगतो.